कोलेस्टेरॉल, स्टॅटिन आणि कंपवात

कंपवाताच्या रुग्णाची रक्ततपासणी झाली आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, कमी आलं, की घरात कुजबुज सुरू होते: ‘बघा, गोळीनं चरबी उतरवली आणि हात थरथरायला लागले!’

कंपवाताच्या रुग्णांत एलडीएल कमी आढळतं, हे 2007 पासून काही अमेरिकी पाहण्यांत दिसलं आहे. इस्राएलमधल्या 2018 च्या मोठ्या अभ्यासातही पुरुषांबाबत असाच कल होता. फिनलंडमध्ये मात्र पन्नास हजारांहून अधिक लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, तेव्हा उलटंच निघालं: पंचावन्नच्या आतल्या ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त, त्यांना धोका जास्त. शिवाय कंपवात हा थरथरीच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. बद्धकोष्ठता होते, वास येईनासा होतो, जेवण कमी होतं, वजन घटतं. अशा माणसाचं कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसलं, तर ते आजाराचं कारण नसून परिणाम असू शकतो.

‘मेंदूला चरबी हवी, म्हणून साजूक तूप वाढवा’ हा सल्लाही फसवा आहे. शरीरातलं सुमारे पाव कोलेस्टेरॉल मेंदूत असतं हे खरं; पण ते मेंदू स्वतः तयार करतो. रक्तातलं एलडीएल मेंदूभोवतीचा अडसर ओलांडून आत जात नाही.

मग कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी कंपवात थोपवता येईल का? काही संशोधकांना तशी आशा होती. इंग्लंडमध्ये 235 रुग्णांपैकी काहींना दोन वर्षं सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन दिलं, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. 2022 मध्ये निकाल आला: आजाराची गती मंदावली नाही. तेव्हा कंपवातासाठी स्टॅटिन सुरू करायला आधार नाही. पण हृदयासाठी चालू असलेली गोळी कुणाच्या सांगण्यावरून थांबवणं याहून वाईट. त्यानं हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. गोळीमुळे अंग दुखतंय, आखडतंय अशी शंका असली तर ती डॉक्टरांपुढे मांडावी, गोळी परस्पर बंद करू नये.

मग मेदाचा आणि कंपवाताचा संबंधच नाही का? आहे, पण तो पेशीच्या आत. जीबीए-1 नावाच्या जनुकात बिघाड असला, तर पेशीतला एक विशिष्ट मेद मोडणारं विकर नीट काम करत नाही आणि कंपवाताची शक्यता वाढते. अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिनही पेशीतल्या मेदयुक्त पडद्यांना चिकटतं. त्याच्या गाठी हीच या आजाराची खूण. जीबीए-1 मधला बिघाड जनुकीय तपासणीत सापडू शकतो, उपाशीपोटी केलेल्या लिपिड प्रोफाइलमध्ये नाही.