फुकटच्या हवेचे बिल

भोसरी किंवा सातपूरच्या एखाद्या शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत जाऊन उभे राहा. लेथ बंद, मिलिंग बंद, माणसे डबे उघडून बसलेली. तरी कोपऱ्यातला कॉम्प्रेसर मध्येच लोड घेतो, थोडा वेळ धडधडतो, अनलोड होतो आणि पुन्हा लोड घेतो. हवा वापरणारे कोणीच नाही, मग ती जाते कुठे? सैल कपलिंगमधून, तडकलेल्या नळीतून, नीट बंद न होणाऱ्या एअर गनमधून.

ही गळती मोजायला हातातले घड्याळ पुरते. सगळी यंत्रे बंद असताना कॉम्प्रेसर 2 मिनिटे लोडवर आणि 6 मिनिटे अनलोडवर राहत असेल, तर त्याच्या क्षमतेचा चौथा हिस्सा नुसत्या गळतीवर जातोय. दुर्लक्षित पाइपलाइनमध्ये 20 ते 30 टक्के गळती सर्रास सापडते. 7 बारच्या लाइनला 3 मिलिमीटरचे एकच भोक असले, तरी सुमारे 3 किलोवॅटचा फटका बसतो. लाइन दिवसरात्र भरलेली असेल, तर महिन्याला दोन हजारांवर युनिट!

मुळात दाबलेली हवा म्हणजे कारखान्यातली फार महागडी ऊर्जा. हवा दाबली की तापते. ती उष्णता कूलर बाहेर टाकतो आणि मोटरने घेतलेल्या विजेचा बहुतेक भाग तिच्याबरोबरच जातो. थंड होऊन टाकीत उरलेल्या हवेकडे शिल्लक असते ती प्रसरण पावण्याची क्षमता. 100 युनिट वीज घातली, तर अवजाराच्या टोकाशी जेमतेम 10-15 युनिटांचे काम पदरात पडते. आणि अशी हवा मारून आपण टेबलावरचा चुरा उडवतो, घरी जाताना कपडेही झटकतो. (ते धोक्याचे आहे, पण ऐकतो कोण?)

खरा घोळ पुढे होतो. शेवटच्या मशिनला दाब कमी पडतो अशी ओरड झाली की सुपरवायझर कॉम्प्रेसरचा दाब बारभर वाढवून मोकळा होतो. त्यासाठी वीज 6-7 टक्के जास्त लागते. शिवाय प्रत्येक भोकातून हवा आणखी जोरात सुटते.

2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली मोठ्या, वीजखाऊ उद्योगांना ऊर्जा लेखापरीक्षण करावे लागते. छोट्या शेडवर तसे बंधन नाही. छतावर सोलर बसवला की फोटो छापून येतो, वॉशर बदलल्याचा कोण छापणार? खरे तर जोडांवर ब्रशने साबणाचे पाणी लावले की बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. मात्र यंत्रांच्या हादऱ्यांनी जोड पुन्हा सैल होतात, त्यामुळे हा उद्योग दर दोन-तीन महिन्यांनी करावा लागतो.