खेळ परक्यांचा, जागा आपली

आमच्या कोळार येथील वखारीच्या मागील अंगास दीड एकर मोकळी जागा आहे. तुरीच्या हंगामात तेथे मालमोटारी उभ्या राहतात. एरवी ती बाभळींच्या स्वाधीन असते. गतवर्षी हैदराबादकडील एक गृहस्थ ती जागा भाड्याने मागावयास आले. तेथे ते पेंटबॉल नावाचा खेळ सुरू करणार होते. भाडे चांगले होते आणि माझ्या पुतण्याने तर मनातल्या मनात करारावर सहीही करून टाकली होती. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या अवधीत जे वाचले व वकिलांकडून समजून घेतले, ते व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

हा खेळ १९८१ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात बारा जणांनी प्रथम खेळला. रानातील झाडांवर व गुरांवर रंगाची खूण करण्याचे पिस्तूल त्यांनी एकमेकांवर रोखले, इतकेच. रंगाची गोळी सुमारे सतरा मिलिमीटर जाडीची असून सेकंदास तीनशे फुटांपर्यंतच्या वेगाने सुटते. अंगावर बसली तर काळानिळा वळ उठतो; उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टी जाते. म्हणून मुखवट्यावाचून मैदानात पाऊल टाकावयाचे नाही, हा त्यातील पहिला नियम. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, त्या गोळीचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. हे ऐकून आमच्या घरातील स्त्रियांनी आपला निर्णय तत्काळ दिला. पण माझी अडचण निराळी होती.

सन १९९६ मध्ये आमच्या वखारीच्या आवारात गल्लीतील मुले रोज सायंकाळी लपंडाव खेळत. फाटकावर ‘आत येण्यास मनाई आहे’ अशी पाटी होती. परंतु मी त्यांना कधी हटकले नाही, उलट कधीमधी शेंगा देत असे. एके दिवशी हरभऱ्याच्या थप्पीवर मुले चढली, वरची पोती घसरली आणि आमच्याच एका हमालाच्या मुलाचा पाय मोडला. बाप हात जोडून म्हणाला, “शेठजी, पोरगंच अवखळ, तुमचा काय दोष?” औषधपाण्याचा खर्च मी केला व दोष नसल्याचे ते प्रमाणपत्र मुकाट्याने खिशात घातले. ती थप्पी दोन दिवसांपासून कललेली होती आणि ते मी पाहिले होते, हे त्यास मी सांगितले नाही.

वकिलांना हा प्रसंग सांगितला, तेव्हा ते म्हणाले की पाटीपेक्षा रोजची मूक संमती भारी. धोका ठाऊक असून मालक स्वस्थ बसला, आणि तेथे मुले येतात हेही त्यास ठाऊक असले, तर पाटी त्याचा बचाव करीत नाही.

प्रत्येक अपघाताचे खापर मालकावर फुटते असे मात्र नव्हे. इंग्लंडमध्ये मैदानाबाहेर आलेला क्रिकेटचा चेंडू रस्त्यावरील एका बाईस लागला. सुमारे तीस वर्षांत जेमतेम सहा वेळा चेंडू तेथवर गेला होता, म्हणून १९५१ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने क्लबास जबाबदार धरले नाही. पेंटबॉलची गोळी मात्र माणसावर नेम धरूनच सोडावयाची!

खेळाडूंकडून ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर खेळतो’ असे लिहून घेऊ, असे त्या गृहस्थांनी सांगितले होते. खेळात जो धोका स्वाभाविक आहे, तेवढ्यापुरता हा कागद कामाचा. फुटका मुखवटा देणे हा खेळातील धोका नव्हे, तो चालकाचा हलगर्जीपणा होय. शिवाय १८ वर्षांखालील मुलाचा करार मुळातच रद्द, हे १९०३ सालापासून प्रिव्ही कौन्सिलच्या निवाड्याने ठरलेले आहे. तिकिटाचे पैसे घेतले की खेळणारा ग्राहक ठरतो व २०१९ च्या कायद्याखाली तक्रार करू शकतो. फौजदारी बाजू वेगळीच. कायमची दृष्टी जाणे ही कायद्याने जबर दुखापत. हयगयीने ती झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ अन्वये तीन वर्षांपर्यंत, आणि मृत्यू ओढवल्यास कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

“पण काका, चालवणारे ते, आपण फक्त भाडे घेणार,” असे पुतण्या म्हणाला. २५ मे २०२४ रोजी राजकोट येथील खेळघरास आग लागून पंचवीसहून अधिक जीव गेले. त्या प्रकरणात जागेशी संबंधित मालकांनाही अटक झाली. ताबा ज्याचा, त्याची मुख्य जबाबदारी, हे खरे. परंतु ठाऊक असलेला धोका लपवून जागा दिली, तर मालक सुटत नाही. आणि आमच्या जागेत धोका आहेच. कडेला आजोबांच्या वेळची विहीर असून तिचा कठडा ढासळलेला आहे. एप्रिल २०२४ मध्ये विजयपूर जिल्ह्यातील लच्याण येथे दोन वर्षांचे बालक कूपनलिकेत पडले होते. ते वाचले, ही देवाची कृपा. पण उघड्या कूपनलिका बुजविण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचे आदेश २०१० पासूनचे आहेत.

आठव्या दिवशी मी अटी लिहून दिल्या: बिगरशेती परवानगी आमच्या हाती पडल्याविना खेळ नाही, विम्यात जागामालकाचेही नाव, सर्व बाजूंनी उंच जाळी, अठरा वर्षांखालील कोणास प्रवेश नाही. गृहस्थ कागद वाचावयास घेऊन गेले, ते अद्याप परतले नाहीत. विहिरीवर लोखंडी जाळी मी दुसऱ्याच आठवड्यात बसवून घेतली. पुतण्या मात्र अजून माझ्याशी कामापुरतेच बोलतो.