वाणिज्याच्या विद्यार्थ्यानें संगणक कशासाठीं शिकावा?

भाईंदर-उत्तन रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें लागतात. या बाजूचा जुना व्यवहार भातशेतीचा, मासळीचा आणि मिठाचा. या गांवांतील जीं मुलें शालांत परीक्षेनंतर वाणिज्य शाखेकडे वळतात, त्यांस कॉलेजांत पाऊल ठेवल्यावर बहुधा एक नवा विषय भेटतो. तो म्हणजे व्यापारोपयोगी संगणकविद्या. मुंबई विद्यापीठाच्या बी. कॉम.च्या तिसऱ्या वर्षास तर ‘कॉम्प्युटर सिस्टिम्स अँड ॲप्लिकेशन्स’ या नांवाचा ऐच्छिक विषय अनेक वर्षें शिकविला गेला. या विषयासंबंधीं विद्यार्थ्यांत दोन समज आढळतात. कांहींस वाटतें, बटण दाबलें कीं हिशेब होतो, मग त्यांत शिकावयाचें तें काय? कांहींस वाटतें, ही इंजिनियरांची विद्या, तिच्याशीं आपला संबंध काय? आमच्या मतें हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि ते कां चुकीचे आहेत हें सांगण्याचा येथें उद्देश आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हिशेब ठेवण्याची विद्या या यंत्राहून फार जुनी आहे. आपल्याकडील दुकानदार दिवसाचा व्यवहार ज्या क्रमानें घडला त्या क्रमानें रोजकीर्दींत लिहीत असे. नंतर तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणींत चढवीत असे. अखेरीस सर्व खात्यांची तेरीज काढून जमा व नांवे या दोन बाजूंचा मेळ बसतो कीं नाहीं हें तो पाहत असे. संगणक व्यापाऱ्यासाठीं जवळजवळ हेंच करतो. तो नोंद साठवितो, तिची वर्गवारी लावतो आणि तिजवरून बेरीज-वजाबाकी करून अहवाल देतो. फरक आहे तो वेगाचा व स्मरणाचा. परंतु कोणती गोष्ट नोंदावयाची, ती कोणाच्या खात्यावर चढवावयाची, आणि आलेलें उत्तर खरें मानावयाचें कीं नाहीं, हें तो ठरवीत नाहीं. तें मनुष्यासच ठरवावें लागतें.

हें यंत्र कचेरींत कसें शिरलें तेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत चहाचीं दुकानें व बेकरी चालविणारी लायन्स नांवाची एक मोठी कंपनी होती. तिनें ‘लिओ’ नांवाचा संगणक स्वतःच बांधविला आणि १९५१ सालच्या नोव्हेंबरांत त्यावर आपल्या बेकरीच्या मालाचे नियमित हिशेब सुरू केले. व्यापारी कचेरीच्या नित्याच्या कामास जुंपलेला तो जगांतील पहिला संगणक समजला जातो. भारतांतील व्यापारी कचेऱ्यांत अगदीं आरंभीं जे संगणक आले, त्यांपैकीं एक एस्सो या तेलकंपनीनें १९६१ सालीं मुंबईंत बसविला. त्याच शहरांत १९६८ सालीं टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था निघाली.

परंतु या पाहुण्याचें सर्वत्र स्वागत झालें नाहीं. १९६०च्या दशकांत आयुर्विमा महामंडळानें संगणक आणण्याचें ठरविलें, तेव्हां कारकुनांच्या जागा जातील या भीतीनें कर्मचाऱ्यांच्या संघटनांनीं विरोध केला, आणि कलकत्त्यांत तर तो बसविण्यासच अटकाव झाला. बँकांतही असाच वाद होता. १९८३ सालीं बँका व संघटना यांच्यांत करार झाला, आणि १९८४ सालीं रिझर्व्ह बँकेच्या डॉ. रंगराजन समितीनें बँकांतील यंत्रीकरणाचा आराखडा मांडला. ती भीती खुळी होती असें आम्हांस वाटत नाहीं. केवळ बेरजा करून पोट भरणाऱ्याचें काम गेलें तें गेलेंच. मात्र बेरीज बरोबर आहे कीं नाहीं हें ओळखणाऱ्याचें काम उरलें, इतकेंच नव्हे तर वाढलें. वाणिज्याच्या विद्यार्थ्यास या विषयांत जें कमवावयाचें आहे तें हेंच.

आतां प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळूं. विद्यार्थ्याची पहिली गांठ पडते ती स्प्रेडशीटशीं. ही कल्पना डॅन ब्रिकलिन या अमेरिकेंतील हार्वर्डच्या व्यापारशाळेंत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास सुचली. फळ्यावर मांडलेल्या मोठ्या कोष्टकांत एक आंकडा बदलला कीं पुढील सर्व आंकडे पुसून पुन्हां लिहावे लागतात, हें त्यानें पाहिलें होतें. त्यांतून बॉब फ्रँक्स्टन याच्या साह्यानें १९७९ सालीं ‘व्हिसिकॅल्क’ निघालें. पुढें आलेलीं लोटस व एक्सेल हीं त्याच घराण्यांतलीं.

उदाहरण आपल्या ओळखीचेंच घेऊं. समजा, एक मीठविक्या ४० गोणी मीठ गोणीस २५० रुपये दरानें विकतो. रक्कम झाली १०,००० रुपये. गिऱ्हाइकानें ६,५०० दिले, म्हणजे येणें राहिलें ३,५००. स्प्रेडशीटच्या एका ओळींत तारीख, गिऱ्हाईक, गोणी, दर, रक्कम, जमा व येणें असे रकाने पाडावे. यांपैकीं पहिले चार आणि जमा हे आपण भरावयाचे. रक्कम व येणें या दोन घरांत आंकडा न लिहितां सूत्र लिहावयाचें: गोणी गुणिले दर, आणि रक्कम वजा जमा. मग उद्यां गोणींचा आंकडा बदलला तरी पुढील दोन्ही आंकडे आपोआप बदलतात.

येथवर सर्व सोपें वाटतें. पण हेंच सूत्र खालच्या ओळींत उतरवितांना विद्यार्थ्याची कसोटी लागते. सूत्र खालीं उतरविलें कीं त्यांतील पत्तेही एकेक घर खालीं सरकतात. गोणी व दर यांच्या बाबतींत तें इष्टच आहे. परंतु समजा, गोणीमागें १२ रुपये गाडीभाडें सर्वांस सारखेंच आहे आणि तो आंकडा आपण वर एकाच घरांत लिहून ठेविला आहे. सूत्र उतरवितांना तो पत्ताही खालीं घसरेल. खालचें घर रिकामें असेल तर भाडें शून्य दिसेल, आणि चूक चटकन ध्यानांत येईल. पण तेथें दुसराच कांहीं आंकडा असेल, तर उत्तर चुकीचें असून दिसावयास मात्र खऱ्यासारखें दिसेल. म्हणून अशा पत्त्यास डॉलरचें चिन्ह लावून तो जागच्या जागीं खिळवून ठेवण्याचा नियम शिकवितात. नियम एवढासा आहे, पण तो न कळल्यानें बिघडलेले हिशेब थोडे नाहींत.

दुसरा भाग डेटाबेसचा, म्हणजे नोंदींच्या भांडाराचा. त्याचा मुख्य नियम असा कीं, एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी. गिऱ्हाइकाचा पत्ता प्रत्येक बिलावर वेगळा लिहीत बसलें, तर तो बदलल्यावर दहा ठिकाणीं दुरुस्ती करावी लागते व एखादें ठिकाण राहून जातें. दुसरा नियम ओळखक्रमांकाचा. आपल्या गांवांकडे पाटील आणि म्हात्रे या आडनांवांस तोटा नाहीं. केवळ नांवावर खातें ठेविलें, तर एका पाटलाचें येणें दुसऱ्याच्या माथीं बसावयास वेळ लागणार नाहीं. जुना दुकानदार चेहरा ओळखून हा घोटाळा टाळीत असे. यंत्रास चेहऱ्याची ओळख नाहीं, म्हणून प्रत्येक खात्यास क्रमांक द्यावा लागतो.

अशा चुका केवळ नवशिक्यांच्या हातून होतात असें कोणी समजूं नये. २०१० सालीं कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं राष्ट्रांचें कर्ज व त्यांची आर्थिक वाढ यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. अनेक देशांतील खर्चकपातीच्या वादांत त्याचा आधार घेतला गेला. २०१३ सालीं थॉमस हर्नडन या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतील विद्यार्थ्यानें त्यांचें मूळ पत्रक मागवून तपासलें, तेव्हां सरासरीच्या सूत्रांत पांच देशांच्या ओळी घेतल्याच गेल्या नाहींत असें त्यास आढळलें. निष्कर्षावर इतर आक्षेपही होते, आणि त्यांचा परिणाम या चुकीहून मोठा होता. तथापि सूत्र कोणत्या ओळीपर्यंत पोंचतें हें पाहण्याची तसदी एका विद्यार्थ्यानें घेतली, हें विसरतां येत नाहीं.

याहून दारुण कथा ब्रिटनच्या टपालखात्याची. त्या खात्यानें १९९९ पासून आपल्या शाखांत ‘होरायझन’ नांवाची संगणकप्रणाली आणली. तिच्यांतील दोषांमुळें खेडोपाडींच्या शाखाचालकांच्या हिशेबांत जी तूट प्रत्यक्षांत नव्हती ती दिसूं लागली. आमच्या हातून पैसा गेलेला नाहीं, असें ते परोपरीनें सांगत होते. परंतु खात्यानें यंत्राचा शब्द प्रमाण मानला. १९९९ ते २०१५ या काळांत ९०० हून अधिक लोक चोरी किंवा खोटे हिशेब अशा आरोपांखालीं दोषी ठरले. कित्येक तुरुंगांत गेले, कित्येकांचें दिवाळें वाजलें. पुढें ॲलन बेट्स यांच्या पुढाकारानें ५५५ जणांनीं दावा लढविला, तेव्हां २०१९ सालीं उच्च न्यायालयानें प्रणालीचे दोष मान्य केले. आणि २०२४ सालीं पार्लमेंटनें खास कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. ज्या कचेरींत यंत्राच्या उत्तरास कोणी प्रश्न विचारीत नाहीं, तेथें निरपराधी मनुष्य केवढ्या संकटांत सांपडतो हें यावरून दिसून येतें.

यावरून कोणी संगणकास भिऊन दूर राहावें असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. बँक, विमा, रेल्वे, दुकान यांपैकीं आज कोणताही व्यवहार त्यावांचून चालत नाहीं. मात्र या विषयाचा अभ्यास करणाऱ्यानें तीन संवयी अंगीं बाणवाव्या. पहिली, यंत्रापुढें बसण्यापूर्वीं कोणती माहिती आंत घालावयाची व कोणतें उत्तर हवें हें कागदावर लिहून काढावें. दुसरी, उत्तर येण्याआधींच त्याचा ढोबळ अंदाज मनांत बांधावा. ४० गोणींचे १०,००० होत असतां पडद्यावर १,००,००० आले, तर तें त्याच क्षणीं खटकलें पाहिजे. तिसरी, एकच रकम दोन वाटांनीं काढून पाहावी. सर्व गिऱ्हाइकांच्या येण्याची बेरीज आणि एकूण विक्रींतून एकूण जमा वजा करून आलेली रकम या दोन्ही सारख्याच निघाल्या पाहिजेत. आपल्या आजोबांची तेरीज ती हीच.

ज्यांस हा विषय पुढें घ्यावयाचा आहे त्यांनीं कॉलेजची वाट पाहण्याचें कारण नाहीं. येत्या सुट्टींत घरच्या दुकानाचा, मासळीच्या विक्रीचा किंवा आईच्या भिशीचा एक महिन्याचा हिशेब प्रथम वहींत मांडावा, आणि मग तोच शाळेंतील किंवा मित्राकडील संगणकावर उतरवावा. दोन्ही उत्तरें जुळलीं तर उत्तमच. न जुळलीं तर चूक कोठें आहे हें शोधण्यांत जो अर्धा दिवस जाईल, तोच या विषयाचा पहिला आणि सर्वांत मोलाचा धडा ठरेल.