काचेवरचा साक्षीदार आणि त्यामागची वायर

घाटात दुचाकीला ट्रक लागला की चूक कोणाची, हे गर्दी पोलीस येण्याआधीच ठरवून टाकते: मोठ्या गाडीची. जानेवारी २०२४च्या सुरुवातीला हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. थांबावं तर जमावाचा मार, निघून जावं तर तुरुंग, ही भीती तेव्हा त्यांच्या बोलण्यात होती. अशा माणसासाठी डॅशकॅम ही चैन नव्हे, तो त्याच्या बाजूने बोलू शकणारा साक्षीदार आहे. पण ऐकीव गोष्टींवर विसंबून तो बसवला, तर नेमक्या वेळी मुका राहतो.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज बॅटरीचा. ‘ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, कॅमेरा १२ व्होल्टचा आहे, मग एकाच बॅटरीवरून वायर घे,’ असं सर्रास सांगितलं जातं. जड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. डायनामो दोघींना मिळून २८ व्होल्टच्या आसपास देतो आणि दोघींतून सारखाच करंट जातो. एकीवरून रोज थोडं थोडं काढत राहिलात की ती कायम उपाशी राहते आणि दुसरीच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं. तिचं पाणी आटतं, प्लेटा खराब होतात. काही महिन्यांनी दोन्ही बॅटऱ्या बदलाव्या लागतात आणि दोष मात्र बॅटरीवाल्याला दिला जातो. खरा उपाय साधा आहे: १२ आणि २४ दोन्ही व्होल्टेज चालणारा कनव्हर्टर घ्यायचा आणि त्याला पूर्ण २४ व्होल्टची लाइन द्यायची. कनव्हर्टरवर चालणारं व्होल्टेज छापलेलं असतं. फक्त १२ लिहिलं असेल तर तो जड ट्रकला लावू नका. छोटा हत्तीसारख्या हलक्या गाड्या १२ व्होल्टच्याच असतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

‘मिळेल त्या वायरला जॉइंट मारला की झालं,’ हा दुसरा समज. कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडणाऱ्या हार्डवायर किटला बहुधा तीन वायरी असतात: एक कायम सप्लायची, एक किल्ली फिरवल्यावर चालू होणारी आणि एक अर्थची. रंगांवर विश्वास ठेवू नका, मीटर लावून बघा. वायपर किंवा ब्रेकलाइटची वायर सोलून तिथे टेप गुंडाळली, तर पावसाळ्यात पाणी शिरून वायपरच बंद पडू शकतो. सप्लाय केबिनमधल्या फ्यूज बॉक्सवरून घ्यावा आणि कॅमेऱ्यासाठी वेगळा छोटा फ्यूज सप्लायच्या तोंडाशीच लावावा. फ्यूज कॅमेऱ्याजवळ बसवला, तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविनाच राहते. ती घासून चेसिसला लागली की आग. वायर खालच्या बॅटरीपासूनच आणायची वेळ आली, तर केबिन पुढे झुकवताना ती ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवा आणि नळीतून आणा. पेट्रोल-डिझेलच्या टँकरवर मात्र स्वतःच्या मनाने एकही वायर जोडू नये.

रात्रभर कॅमेरा चालू राहिला तर सकाळी सेल्फ लागत नाही, अशीही भीती असते. इथे हिशेब करून बघावा. एका लेन्सचा साधा कॅमेरा ५ वॉटच्या आसपास घेतो. दहा तासांत ५० वॉट-तास. २४ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या चांगल्या संचात २४०० असतात. एका रात्रीने काही बिघडत नाही. पण माल उतरवण्याच्या रांगेत चार दिवस गाडी उभी राहिली तर पाचवा हिस्सा जातो, आणि बॅटऱ्या म्हाताऱ्या असतील तर तेवढंही पुरेसं ठरतं. म्हणून व्होल्टेज घसरलं की कॅमेरा बंद करणारं किट घ्या आणि त्याची मर्यादा २४ व्होल्टच्या आसपास ठेवा. ती १२ व्होल्टच्या गाडीच्या हिशेबाने लावली, तर हे किट सप्लाय कधीच तोडणार नाही.

४के कॅमेरा घेतला की रात्री नंबर प्लेट दिसते, असं नाही. परावर्तक प्लेटवर आपलाच हेडलाइट पडून ती पांढरीफटक होते, नाहीतर वेगाने अक्षरं फाकतात. माझ्या मते त्या पैशात लिथियम बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला कॅमेरा घ्यावा. मे महिन्यात विदर्भात उन्हात उभ्या ट्रकच्या काचेमागे लिथियम बॅटरी फुगते. कॅमेरा वायपर फिरतो त्या भागात बसवा, देवाचा फोटो आणि हार-फुंदके त्याच्या नजरेआड येऊ देऊ नका. पुढच्या बंपरला चिकटून उभी राहिलेली दुचाकी आणि क्लीनरच्या बाजूचा आंधळा कोपरा एकट्या पुढच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. घाटात आणि शहरात फिरणाऱ्या गाडीला डावीकडे दुसरा कॅमेरा हवाच.

मेमरी कार्डात ‘सगळं राहतं’, हाही भ्रम. साध्या फुल एचडीला तासाला सुमारे ७ जीबी लागतात. ६४ जीबीचं कार्ड नऊएक तासांत भरतं आणि जुन्यावर नवं लिहू लागतं. दोन कॅमेरे असतील तर निम्म्याच वेळात. धक्का ओळखणारा सेन्सर फार नाजूक ठेवला, तर प्रत्येक खड्ड्याला तो फाइल लॉक करतो, आणि अशा फाइलींनी कार्ड भरलं की खऱ्या अपघाताला जागा उरत नाही. त्याची संवेदनशीलता कमी ठेवा, सतत लिहिणं सोसणारं हाय एन्ड्युरन्स कार्ड घ्या.

शेवटचा गैरसमज कोर्टाचा: ‘व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आहे ना!’ जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उभ्या राहिलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागतंच. मूळ उपकरण त्याच्या मालकानेच साक्ष देऊन हजर केलं, तर मात्र त्याची गरज नसते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये प्रमाणपत्राची अट कायम आहे, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसाही लिहावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यामुळे ती मूळ फाइल राहतच नाही. म्हणून अपघातानंतर जखमींना मदत आणि पोलिसांना फोन झाला की कॅमेरा बंद करा, कार्ड काढा, पाकिटात घालून त्यावर तारीख लिहा आणि पुढच्या प्रवासाला दुसरं कार्ड वापरा. जीपीएस असलेला कॅमेरा गाडीचा वेगही नोंदवतो आणि ती नोंद चालकाच्या विरोधातही जाऊ शकते, हे त्याला आधीच सांगून ठेवा. आणि दर सोमवारी कॅमेऱ्यातलं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा, कारण आतली बॅटरी किंवा कपॅसिटर थकला की तारीख मागे जाते, आणि मग समोरचा वकील पहिला प्रश्न तारखेवरच विचारतो.