शिर्डीच्या विमानात इंधन किती भरायचं, हे कोण ठरवतं?

१ ऑक्टोबर २०१७ ला कोपरगाव तालुक्यातल्या काकडीत शिर्डी विमानतळ सुरू झालं. २०१९ च्या नोव्हेंबरात धूसर हवेमुळे इथली उड्डाणं सलग कित्येक दिवस रद्द होत होती. अशा ठिकाणी यायचं तर इंधनाचा हिशेब नेटकाच हवा.

तो आधी जमिनीवर बसलेला डिस्पॅचर मांडतो. प्रवासाचं इंधन, त्यावर साधारण पाच टक्के राखीव, उतरता आलं नाही तर छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठण्यापुरतं, आणि शेवटी जेट विमानाला तीस मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं. हे शेवटचं सहसा वापरायचंच नसतं. त्याला हात लागणार असं दिसलं की वैमानिकाने ‘मेडे’ हा आणीबाणीचा इशारा जाहीर करायचा, असा नियम आहे.

त्यावर आणखी किती, यात अंतिम शब्द कॅप्टनचा. मग सरळ टाकी काठोकाठ का भरत नाहीत? कारण जादा इंधनाचं वजन वाहण्यातच त्यातलं दर तासाला काही टक्के जळतं, आणि जड विमानाला थांबायला धावपट्टीही जास्त लागते. तरीही पावसाळ्यात कॅप्टनने जास्तीचं मागितलं तर ते द्यावंच, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा विमान दुसरीकडे वळवलं तर वैमानिकावर चिडू नका. त्याने नियोजनाप्रमाणेच निर्णय घेतलेला असतो.