रबरातील द्रव्यांची परीक्षा

कागल तालुक्यातील बिद्रीस, दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला म्हणजे उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांच्या आणि टायरगाड्यांच्या ज्या रांगा लागतात, त्यांचा सारा भार वाहणारी ती काळी चाके निव्वळ रबराची नसतात. कच्चे रबर गंधकासह तापविले असता त्यास बळकटी येते, हे चार्ल्स गुडइयरच्या ध्यानी आले १८३९ मध्ये. पुढे ही क्रिया शीघ्र व्हावी म्हणून त्वरके, आणि ओझोनाने रबरास भेगा पडू नयेत म्हणून संरक्षक द्रव्ये घालण्याचा प्रघात पडला. प्रमाणाने ती अल्प, परंतु टायरचे आयुष्य पुष्कळ अंशी त्यांच्याच हाती असते.

उसाचे वजन काट्यावर होते, पण उतारा रसाचे पृथक्करण केल्यावाचून समजत नाही; टायरमधील द्रव्यांचा तपशीलही तसाच. गंधकाने बांधलेले रबर द्रावकात विरघळत नाही, आणि ही अडचणच परीक्षकाच्या पथ्यावर पडते : त्याचे बारीक तुकडे ॲसिटोनात तासन्‌तास ठेवले असता रबर जागीच राहून मोकळी सेंद्रिय द्रव्ये तेवढी अर्कात उतरतात. हा अर्क वाफ करून लांब, अरुंद नळीतून सोडला की द्रव्ये एकामागून एक बाहेर पडतात. मग वस्तुमान वर्णपटमापकात, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणू विद्युत्भारित होतात, काही फुटतात, आणि वस्तुमानानुसार त्यांची नोंद होते. ओझोनापासून रक्षण करणारे सिक्स-पीपीडी असेल तर २६८ वर मूळ रेणूची, आणि चार कार्बनांचा खंड निखळून उरलेल्या भागाची २११ वर, अशा खुणा उमटतात.

तथापि यंत्राचा दाखला म्हणजे निकाल नव्हे. सीबीएस हे त्वरक रबर गंधकासह तापविताना फुटून मर्काप्टोबेन्झोथायाझोल मागे ठेवते, ज्याची खूण १६७ वर येते. परंतु हेच द्रव्य मुळातही घालण्यात येते. सबब, रबर तापवून निघणाऱ्या वाफांत सायक्लोहेक्झिलअमाइन आढळते काय, याची शहानिशा केल्यावरच सीबीएसचे नाव घेता येते. रबराच्या अशा परीक्षणाचे व संशोधनाचे काम ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील, पूर्वी इर्मरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, रबर संशोधन संस्थेत चालते.

या विद्येची व्याप्ती आता कारखान्याच्या चौकशीपलीकडे गेली आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पावसाळी ओढ्यांतील कोहो सामन मासे का मरतात याचा शोध घेताना, सिक्स-पीपीडीवर ओझोनाची क्रिया होऊन बनणारे, २९८ वस्तुमानाचे क्विनोन २०२० मध्ये वस्तुमान मोजण्याच्याच विद्येने ओळखले गेले. टायरला जे तारते त्याचेच रूपांतर माशास मारते, हे कळल्यावर टायरमध्ये काय घातले याइतकेच, झिजताना त्यातून काय निपजते हेही विचारणे परीक्षकास भाग पडले आहे.