गहाणविमोचन
स्थावर मालमत्तेवरील कर्ज फेडून ती भारमुक्त करून घेण्याचा ऋणकोचा हक्क. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ (कलम ६०) अन्वये गहाणखतातील अटीने तो नष्ट होत नाही. तत्पूर्वी १८७९ च्या दख्खन कृषक साह्य कायद्याने सातारा, पुणे, सोलापूर व अहमदनगर येथील न्यायालयांना शेतकऱ्यांचे सावकारी हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला होता. गृहकर्जाच्या समान हप्त्यांत प्रारंभी व्याजच अधिक असते : १० लाख रु. ९% दराने २० वर्षांसाठी घेतल्यास पहिल्या सुमारे ९,००० रु. हप्त्यातील ७,५०० रु. व्याजापोटी जातात. मुदतपूर्व फेड म्हणूनच आरंभी विशेष लाभदायक. व्यक्तींच्या बदलत्या दराच्या गृहकर्जांवर तीसाठी दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना मनाई केली. मोकळे झालेले घर पुन्हा तारण ठेवता येते. ते कर्ज थकल्यास मात्र २००२ च्या कायद्यानुसार ६० दिवसांच्या नोटिशीनंतर बँक दाव्याविना घराचा ताबा घेऊ शकते.